रामटेके सरांचं कार्बोनिक आम्ल

रामटेके सर मला पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांच्या तोंडावर कागदी पिशवी होती. आम्ही पोंभुर्ण्यात नुकतेच राहायला आलो होतो. शेजारच्या ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ पिशवीत श्वास सोडतात आणि तोच परत ओढतात, हे पाहून माझ्या हातातली बादली निसटली. सरांनी शांतपणे पिशवी काढली. "काऊन घाबरून राह्यल्या बाई? संशोधन सुरू आहे."

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं, की म्हातारपणी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत चुना बसतो, त्या कडक होतात. चुना विरघळवतं कार्बोनिक आम्ल. ते प्यायच्या सोड्यात असतं, आणि सोडलेला श्वास परत घेतला की रक्तातही वाढतं. "डोक्यातला चुना काढा" हे ते खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, ठेल्यावरही सांगत. एका लग्नात त्यांनी वरमाईच्या सोड्यात अंड्याचं टरफल टाकलं आणि बुडबुडे दाखवायला अख्खी पंगत उठवली. बुडबुडे सोड्याचेच होते, हे त्यांना सांगायची कोणाची हिंमत झाली नाही.

एका दुपारी धप्पकन आवाज आला. सर ओसरीवर आडवे, पिशवी बाजूला. मी धावत गेले. तोंडावर पाणी मारलं तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. मी रागावलेच. या वयात असला जीवघेणा खेळ कशासाठी, असं विचारलं.

सर आतल्या दाराकडे पाहत हळूच बोलले. त्यांच्या पत्नी, मंदाबाई, फारशा बाहेर येत नसत. मला वाटायचं, स्वभावच अबोल असेल. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मंदाबाईंच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात, आता आठवण जात राहील.

"तिले देयाच्या आधी आपल्यावर पाहा लागते ना," सर म्हणाले. "पन आता नाई देत. मलेच एवढं गरगरलं, ते तं भिऊन जाईन."

तेवढ्यात मंदाबाई पाण्याचा गिलास घेऊन आल्या. तो सरांना देऊन त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"हे गुरुजी रोज येतेत. मानूस चांगला आहे. जेवाले थांबवू काय?"

सरांनी ऐकलं होतं. ते भिंतीला धरून उठले आणि मंदाबाईंकडे वळले.

"थांबतो बाई. पन भात मी मांडतो."

आणि तांदळाचा डबा कुठे असतो ते पाहुण्याला दाखवायला मंदाबाई त्यांच्या मागोमाग आत गेल्या.