डंखाशिवाय मध

एका जंगलात मधमाश्यांचे एक पोळे होते आणि त्या पोळ्याची एक जुनी रीत होती. पानाचा द्रोण घेऊन जायचे, नाक पुढे करायचे, एक डंख खायचा आणि द्रोणभर मध घेऊन यायचे. नाक दोन दिवस सुजायचे, मध महिनाभर पुरायचा. हसू नका, बाळांनो. तुमच्याकडे एका दाखल्यासाठी किती हेलपाटे घालतात ते मला ठाऊक आहे.

(डंख मारल्यावर मधमाशी मरते, असे तुमच्या पुस्तकात असेल. या जंगलात ते पुस्तक लावलेले नाही.)

एकदा गर्जनसिंह महाराजांचे नाक सुजले आणि नेमके त्याच दिवशी चितारी माकड त्यांचे चित्र काढायला आले. चित्र व्हायचे तसेच झाले. महाराज म्हणाले, मध गोड आहे, पण माश्यांचे वागणे गोड नाही.

तेव्हा पढतराव पोपट पुढे सरसावला. तो बारा वर्षे शहरात पिंजऱ्यात राहून आला होता, म्हणून जंगलात त्याला उच्चशिक्षित मानत. त्याने सांगितले, शहरात 'स्वीट' नावाचा एक शब्द आहे. बाळाला म्हणतात, कुत्र्याच्या पिल्लाला म्हणतात, कुणी पडलेला रुमाल उचलून दिला तरी म्हणतात. तेवढ्यावर सगळे खूश होतात, साखर कुणी मागत नाही.

लगेच माश्यांचा वर्ग सुरू झाला. नांगी आत, मान तिरकी, मग 'आलात? किती स्वीट!' म्हणायचे. सकाळी सराव, दुपारी उजळणी, संध्याकाळी परीक्षा. फुलांकडे जायला वेळ कुठला? एकटी तुळसाक्का नावाची म्हातारी माशी नापास झाली. मध हवाय की गप्पा, असे विचारून तिने पढतरावांनाच डंख मारला. तिला पोळ्यातून काढून टाकले. ती उंबराच्या ढोलीत एकटी राहू लागली.

महिन्याभरात पोळे कोरडे पडले. प्राणी 'स्वीट' ऐकत आणि रिकामा द्रोण चाटत घरी येत. द्रोण रिकामा आहे असे म्हणणे कडू बोलण्यात मोडे, म्हणून सगळे मिटक्या मारत.

मग गोजरा अस्वलिणीचे पिल्लू खोकल्याने बेजार झाले. त्याला धाप लागे, पोटात दूध ठरेना. आल्याचा रस होता, त्यात घालायला मध नव्हता. गोजरा पिल्लाला पाठीवर घेऊन पोळ्याकडे धावली. माश्या म्हणाल्या, "पिल्लू किती स्वीट!"

"पिल्लू मरतंय," गोजरा म्हणाली. "मध द्या."

कडू बोलल्याबद्दल तिला रांगेतून बाहेर काढले. मला अजून राग येतो.

ती तिथून थेट उंबरापाशी गेली. उशीर केल्याबद्दल तुळसाक्काने तिला फैलावर घेतले, नाकावर कचकून डंख मारला आणि द्रोण काठोकाठ भरून दिला. चौथ्या दिवशी पिल्लू झाडावर चढले.

पण सुजलेले नाक लपते कुठे? गोजराला दरबारात उभे केले. आता हिची धडगत नाही, असे सगळ्यांना वाटले. महाराजांनी सगळ्यांना बाहेर घालवले आणि तिला जवळ बोलावले. त्यांना स्वतःला आठ दिवस खोकला होता. डरकाळी फोडायला जात आणि शिट्टी वाजे.

"गोजराबाई," ते हळूच म्हणाले, "ती म्हातारी नाक सोडून दुसरीकडे डंख मारते का?"

"विचारावं लागेल, महाराज."

दुसऱ्या दिवशी महाराजांनी खणखणीत डरकाळी फोडली. पण ते सिंहासनावर बसले नाहीत. राजा उभा म्हणून प्रधान उभे राहिले. आठवड्याने राजाने बसा म्हटले तरी प्रधानांना बसवेना. पुढे अख्खे जंगल उभ्याने जेवू लागले. खोकला कुणालाच उरला नाही आणि कुणी कुणाला काही विचारले नाही.

पढतरावांचा जाहीर सत्कार झाला. तुळसाक्का अजून नापासच आहे.

तात्पर्य: गोड बोलणाऱ्याचा सत्कार करावा आणि कडू बोलणाऱ्याचा पत्ता पाठ करून ठेवावा. सत्काराला खुर्च्या मांडू नयेत.