निरीक्षकानं बोलायचं नसतं

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर ‘कोळेकर सर, तुमची स्कूटर उचलून नेतायत’ असा मेसेज टाकला, तरी सर उत्तर देणार नाहीत. ते मेसेज वाचतील, खिशातली वही काढून वेळ लिहितील आणि मग स्कूटरमागं धावतील. गंमत म्हणून सांगत नाही. गेल्या वर्षी सोलापुरात सात रस्ता चौकात अस्संच झालं.

सर पीएच.डी. करतायत. विषय: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माणसं एकमेकांशी कशी बोलतात. अभ्यासाला दोन ग्रुप, एक आमचा आणि एक त्यांच्या घरचा. सगळ्यांची परवानगी घेतलीय आणि स्वतःला नियम घातलाय, "निरीक्षकानं बोलायचं नसतं. एक शब्द बोललो तर नमुना नासतो, सगळ्या नोंदी फुकट." त्यामुळं वाढदिवस असो की बारसं, तीन वर्षं हा माणूस मुका. वहिनींनी घरच्या ग्रुपवर ‘येताना कोथिंबीर आणा’ लिहिलं, त्याची वहीत नोंद झाली. कोथिंबीर काही आली नाही.

मला तर हा माणूस ठार वेडा वाटायचा.

एक दिवस सर स्टाफरूममध्ये डबा न उघडताच बसलेले. घरच्या ग्रुपमधून त्यांची आक्का बाहेर पडली होती. आक्का सांगोल्याकडं मेंढरं राखते. आई गेल्यावर तिनंच सरांना वाढवलं, शिकवलं. तिला लिहिता येत नाही, म्हणून ती रोज सकाळी ग्रुपवर कोकराचा फोटो टाकायची.

"कारण नोंदवायला पाहिजे की," सर म्हणाले. "तुम्ही चला, साक्षीदार म्हणून." आवाज मात्र पडलेला होता.

रविवारी आम्ही आक्काच्या अंगणात. सरांनी सख्ख्या बहिणीपुढं मुलाखतीचं संमतीपत्र ठेवलं. सोलापुरातून शाईचं पॅडसुद्धा आणलेलं. आक्कानं निमूट अंगठा उठवला.

"ग्रुप का सोडलास, आक्का?"

"लिही. भाऊ बोलत न्हाय."

"अगं, समदे फोटो बघितल्यात मी. वहीत हायत."

"ठावं हाय की. मला वाचता येत न्हाय, दिगा, पर निळं कळतं. रोज खुणा निळ्या व्हायच्या, म्हंजे तू बघितलंस. मग वाटायचं, आत्ता बोलंल कायतरी."

सरांचं पेन थांबलं. मला कुठं बघावं कळेना, मी अंगणात बांधलेल्या कोकराकडं बघत बसलो. सरांनी फोन काढला, आक्काला परत ग्रुपवर घेतलं, आणि हातभर अंतरावर बसलेल्या बहिणीसाठी फोनमध्ये बोलले, "आक्का, कोकरू लई गोड हाय. नाव काय ठेवलंस?"

आक्कानं ते दोनदा ऐकलं. मग तिनंही आपल्या फोनचं बटण दाबलं, "सोन्या. आता जेवून जा."

परतताना एसटीत मी विचारलं, "सर, नमुना नासला की हो."

"नासू दे. दुसरं घर शोधतो. पहिल्यापासून करायचं."

तेवढ्यात फोन वाजला. घरच्या ग्रुपवर वहिनींनी लिहिलं होतं, ‘येताना कोथिंबीर आणा.’ सरांचा हात सवयीनं वहीकडं गेला आणि मधूनच मागं आला.

‘किती जुड्या?’ त्यांनी लिहिलं.