बंदरवाले, तेलवाले आणि लॉर्नाचा डबा

ऑर्व्हिल स्टासियाकची टीम सप्टेंबरातच गारद झाली आणि बंदरवाले आणि तेलवाले यांच्यातली बेसबॉलची सात सामन्यांची फायनल तोंडावर आली तरी घसा कुणासाठी फोडायचा, हे ठरेना. ओहायोतल्या त्यांच्या गल्लीत ऑक्टोबरात टीमविना बसणं म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी परतणं.

शेजारच्या ड्वाइट हॅनेमनचीही तीच गत. ऑर्व्हिल डेमोक्रॅट, ड्वाइट रिपब्लिकन. तीस वर्षांच्या शेजारात दोघांचं एकमत एकाच बाबतीत झालेलं: गावच्या लायब्ररीसाठीच्या वाढीव कराला येत्या मतदानात नाही म्हणायचं. ऑर्व्हिलची बायको लॉर्ना त्याच लायब्ररीत कामाला होती, म्हणून हे एकमत ते अंगणातच उरकत.

"टीम तत्त्वानं निवडायची," ऑर्व्हिल म्हणाला. "राजकारण बघून."

"आणि हरेल त्याच्या अंगणात जिंकणाऱ्याची प्रचाराची पाटी. मतदानापर्यंत!" ड्वाइटनं हात पुढे केला.

ऑर्व्हिलनं अंगणाकडे पाहिलं. आपल्या गवतावर त्यांची पाटी? पण हात मिळवावाच लागला. "आपापली टीम गुपचूप चिठ्ठीवर लिहून टाकू. नाहीतर तू मुद्दाम माझ्या उलट घेशील."

लॉर्नानं कागदाच्या तीन पट्ट्या फाडल्या.

"तीन कशाला गं?"

"असू दे एक जास्तीची," म्हणत तिनं बिस्किटांचा रिकामा डबा पुढे केला.

दोघांनी आठवडाभर अभ्यास केला. कोणत्या मालकानं कुणाला देणगी दिली, कोणत्या शहरानं कुणाला मतं दिली, पिचरच्या सासऱ्याच्या गाडीवर कसलं स्टिकर आहे. एवढ्या अभ्यासात ड्वाइट शाळेत एका वर्षात दोन इयत्ता पास झाला असता.

फायनलच्या पहिल्या दिवशी लॉर्नानं डब्यात हात घालून दोघांनी टाकलेल्या दोन चिठ्ठ्या काढल्या. दोन्हींवर एकच नाव: बंदरवाले.

"ते शहर चाळीस वर्षं आम्हाला मत देतंय!" ऑर्व्हिल ओरडला.

"पण टीमचा मालक आमचा आहे!"

"मालक काय बॅट धरतो?"

"मग शहर धरतं का? तू बदल!"

"मी का बदलू? तत्त्व आहे माझं!"

बदलणं म्हणजे दुसऱ्याचं खरं मानणं. तेव्हा दोघं एकाच सोफ्याच्या दोन टोकांना जाऊन बसले. तिसऱ्या डावात बंदरवाल्यांनी चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवून होमरन ठोकला. दोघं उडाले, एकमेकांना कवटाळलं आणि अंगावर पाल पडल्यासारखे लांब झाले. दुसऱ्या होमरनला लांब व्हायची फारशी घाई नव्हती. सातव्या, निर्णायक सामन्यापर्यंत तर ऑर्व्हिल स्वतः ड्वाइटच्या वाडग्यात चिलीचा तिखट रस्सा वाढू लागला होता, आणि त्यानं मागायच्या आधी वर चीजही.

आणि सातवा सामना तेलवाल्यांनी मारला.

शोक मिनिटभर टिकला. मग ड्वाइटचा चेहरा उजळला. "अरे, हरलो दोघंही! म्हणजे जिंकलं कुणीच नाही. पाटीच नाही!"

"सुटलो रे बाबा!" ऑर्व्हिलनं त्याला तिसऱ्यांदा मिठी मारली.

लॉर्नानं शांतपणे डबा उपडा केला. तिसरी चिठ्ठी टेबलावर पडली: तेलवाले. अक्षर तिचं. मग ती गॅरेजमध्ये गेली आणि दोन पाट्या काखेत मारून आली. 'लायब्ररीच्या कराला होय म्हणा.' एक ड्वाइटच्या अंगणासाठी, एक घरच्या.

"पण तेलवाले?" ऑर्व्हिल कळवळला. "त्यांचा मालक तसला, शहर असलं. कुठल्या तत्त्वात बसतात गं ते?"

"मला काय माहीत?" लॉर्ना हातोडी शोधत म्हणाली. "खेळतात चांगलं."