मागच्या खोलीचं उद्घाटन

प्रमिलाबाईंना मुलाचं हे वागणं मुळीच पसंत नव्हतं. लग्नाच्या वेळी हेमचंद्रने मुलगी एकदा पाहिली, पोहे खाल्ले आणि हो म्हणून मोकळा झाला. आणि आता अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या व्हिलाच्या मागच्या खोलीला जमीन कसली करायची, यावर स्वारी दोन महिने अडून बसली होती! मार्बलचे तुकडे, टाइल्सचे तुकडे, लिनोलियमचे तुकडे. प्रत्येकावर पाणी ओतायचं, अंगठ्याने चोळायचं, नाक लावून हुंगायचं.

"अरे, फरशी घेतोयस की हापूस?"

"आई, काही सांडलं तर मुरता कामा नये. पाय घसरता कामा नये."

"सांडणार काय आहे एवढं?"

हेमचंद्र इंजिनिअर. पुलांची गणितं तोंडपाठ, पण थापेची तयारी शून्य. "अभिषेकाचं पाणी!" तो म्हणाला. "तुझ्यासाठी देवघर करतोय ना!"

प्रमिलाबाई शाळेत चौथीपर्यंत गेल्या होत्या, पण या घरातली टाचणीसुद्धा आपल्या नजरेतून सुटत नाही असा त्यांचा दावा होता. ही थाप तेवढी सुटली. आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत नऊ घरी फोन केले.

खरी गोष्ट अशी, की हेमचंद्रला घरी बिअर बनवायचा नाद लागला होता. विकत आणायचं परमिट त्याच्याकडे होतं, घरी बनवायचं कुणालाच मिळत नव्हतं. कळलं तर नोकरी गेली, व्हिसा गेला, खलास! आणि त्याच्या कंपनीचे जनरल मॅनेजर वासुदेव, त्यांची बायको वासंती. फोनच्या यादीत पहिलं नाव तिचंच.

शेवटी एपॉक्सी ठरलं. रंगासारखं ओतायचं, वाळलं की काचेसारखं सलग. विष्णू मिस्त्री डबे घेऊन सकाळीच आला, ओतून गेला. कोपऱ्यातल्या ओट्यावर चादरीखाली भरलेलं पिंप होतं, ते तिथेच राहिलं. हेमचंद्रने दाराला लाल-पांढरी पट्टी आडवी लावली, आतला एसी फुल केला आणि निघताना म्हणाला, "आई, उद्यापर्यंत तिकडे बघू नकोस हं. सरप्राइज!"

आता प्रमिलाबाईंकडचं चैत्रातलं हळदीकुंकू नेमकं त्याच दिवशी. प्रमिलाबाई जाऊन बघतात तो काय, दाराला फीत! "बघितलंस ओवी? तुझा बाप उद्घाटनाची तयारी करून गेलाय."

पट्टीवर इंग्रजीत लिहिलेलं ओवीने वाचलं. "आजी, इट सेज डू नॉट एंटर."

"कापल्याशिवाय शिरायचं नाही, एवढंच!"

आणि रिकाम्या खोलीत एसी कशाला जाळायचा? बाईंनी दारातूनच हात घालून तो बंद केला.

पाच वाजता वासंतीने कात्रीने फीत कापली. टाळ्या झाल्या. चपला बाहेर काढून पाच बायका रांगेने आत गेल्या, आणि गेल्या तिथेच राहिल्या.

"अगंबाई! माझा पाय निघत नाहीये!"

"माझे तर दोन्ही!"

फणसाच्या चिकात माश्या बसाव्यात तशा पाच पैठण्या जागच्या जागी झुलत होत्या. दारात उभ्या प्रमिलाबाई ओरडल्या, "ओवी, बापाला फोन कर!"

तेवढ्यात कोपऱ्यात गुडगुडलं. चार तास उकाड्यात शिजलेल्या पिंपाने झाकण उडवलं, चादर उचलली गेली आणि तपकिरी फेस भसाभस ओट्यावर आला. प्रमिलाबाईंच्या नाकाने क्षणात ओळखलं. थोरल्या दिरांच्या शर्टाला चाळीस वर्षं हाच वास यायचा!

वासंती ओट्याला खेटूनच चिकटली होती. "काकू, हे काय हो?"

पोराचा व्हिसा बाईंच्या डोळ्यांसमोरून विमानात चढून बसला.

"आंबील," त्या म्हणाल्या. "नाचणीची. प्रसादाला केलीय."

"अय्या, आंबील! किती वर्षांत खाल्ली नाही!" वासंतीने हातातली हळदीकुंकवाची रिकामी वाटी पिंपात बुडवली. घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "कडू लागतेय हो. तळाला करपली वाटतं तुमची."

प्रमिलाबाईंच्या पन्नास वर्षांच्या संसारात दूधसुद्धा कधी लागलं नव्हतं. तरी त्यांनी मान डोलावली. वासंतीने मात्र करपली, करपली म्हणत तीन वाट्या संपवल्या आणि इतर चौघींनाही पाजल्या. तिसऱ्या वाटीनंतर कुणाला पाय सोडवायची घाई राहिली नाही. वासंती तर उखाण्यात नवऱ्याचं नाव घेताना तेच विसरली!

हेमचंद्र आणि विष्णूने खोबरेल लावून एकेकीला सोडवलं. जाताना वासंती गाडीतून ओरडली, "हेमचंद्र, काकूंना आता किचनमधून रिटायर करा! आंबील करपते त्यांची!"

फाटक लागलं. हेमचंद्रने सरळ पाय धरले. "आई, वाचवलंस. आत्ता पिंप ओतून देतो."

"खबरदार हात लावलास तर!" प्रमिलाबाई म्हणाल्या. "उद्या अख्ख्या अबू धाबीत माझी आंबील करपल्याचा बोभाटा होणार, आणि तू म्हणे ओतून देतोस! आता माझं नाव लागलंय त्याला. कडूपणा जाईस्तोवर मी सोडायची नाही. आंबवणं तुझं काम नव्हे, हेमू. तू आपला फडकं घे आणि फरशी पूस."