त्यात गूळ आहे

आमच्या शेजारच्या सुमेधाला लिफ्टमध्ये एकटीला कोणी पाहिलेलं नाही. सोबत एखादी फांदी असतेच. कधी आंब्याची, कधी रामबुतानची. एकदा चिकूची एवढी मोठी होती की ती आत गेली आणि आम्ही बाहेर राहिलो. "जा तुम्ही दोघी," तुमचे आजोबा फांदीला वाट देत म्हणाले.

मुलांनो, स्काइपवर तुम्ही विचारलंत ना, आजी, दारात झाडू घेऊन कुणावर रागावली होतीस? हिच्यावरच. क्लेमेंटीच्या आमच्या ब्लॉकचा कॉरिडॉर मी स्वच्छ ठेवते आणि ही बाई त्यात पानं सांडते.

सुमेधा मूळची पुण्याची, पंचेचाळिशीची, एकटी राहते, आणि बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. खाली फळझाडांची छाटणी सुरू झाली, करवतीचा आवाज आला, की हातातलं टाकून धावते. छाटणारे तमिळ कामगार तिला ओळखतात. "अक्का, टुडे मँगो," असं खालूनच ओरडून सांगतात.

तिला हवं असतं लाकडातलं लिग्निन. ते काय असतं, असं मी विचारलं तर तिने माझ्या ताटलीतली चिक्की उचलली.

"काकू, लाकडात बारीक धागे असतात, ते हे शेंगदाणे. त्यांना धरून ठेवणारा गूळ म्हणजे लिग्निन. झाड ताठ उभं राहतं ते त्याच्या जोरावर. कागद करणारे शेंगदाणे ठेवतात आणि गूळ बहुतेक जाळून टाकतात." एवढं सांगून तिने चिक्की खाऊन टाकली.

तेव्हापासून कुठलीही काटकी दिसली की तिचं एकच पालुपद: "फेकू नका, काकू, त्यात गूळ आहे." माझ्या झाडूचा मोडका दांडाही तिने असाच नेला.

या गुळापासून तिला प्लायवूड चिकटवायचा डिंक करायचा होता, डोळ्यांना न झोंबणारा. कचऱ्यात जाणाऱ्या फांद्यांतून टेबलं-खुर्च्या उभ्या करायच्या होत्या. अडचण एवढीच की तिचं प्लायवूड पाण्यात उकळलं की त्याचे पापुद्रे सुटायचे. शेवटी साहेबांनी तारीख दिली. सोमवारी त्यांच्यासमोर तुकडा टिकला तर काम पुढे चालणार. नाही टिकला तर नोकरी संपली, नोकरीबरोबर या देशात राहायचा पासही, आणि सुमेधा सामान बांधून पुण्याला परत.

आदल्या दिवशी सकाळी ती दारात उभी. हातात फांदी नव्हती, म्हणून मी घाबरलेच.

"काकू, प्रयोगशाळा आज बंद आहे. तुमचा कुकर द्याल? उद्याच्या आधी मला एकदा बघायचंय."

मी जुना कुकर काढला. तिने तपकिरी तुकडा पाण्यात सोडला.

"किती शिट्ट्या?" मी विचारलं.

"डाळीइतक्या पुरतील?"

"अगं, परीक्षाच घ्यायची तर छोल्यांइतक्या घे."

"चिमूटभर सोडा टाका, मऊ होईल," आजोबा पेपरामागून म्हणाले.

"काका, मऊच व्हायला नकोय."

शिट्ट्या होत गेल्या तशी ती गॅसपासून दारापर्यंत येरझारा घालू लागली. घरभर ओल्या लाकडाचा वास सुटला. वाफ जिरेपर्यंत तिला दम निघेना, म्हणून मी कुकरपाशी पहारा दिला. मग झाकण उघडलं. चिमट्याने तुकडा बाहेर काढला. तिने कडेला नख घातलं, मग सुरीचं टोक. आजोबांनीसुद्धा पेपर ठेवून दोन्ही अंगठ्यांचा जोर लावून पाहिला. पापुद्रा हलेना.

"धरलंय," ती हळूच म्हणाली. "काकू, गुळाने धरलंय." आणि फुगडीला धरावेत तसे तिने माझे हात धरले. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. तरी एक गिरकी मी घेतलीच.

सोमवारी साहेबांसमोरही तुकडा टिकला.

काल सुमेधाने आम्हाला चहाला बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. एरवी "घरात पसारा आहे" म्हणून ती दारातच बोलायची, आणि मला ते पटायचं. फांद्या आणणाऱ्या बाईचं घर, दुसरं काय असणार? आत गेले तर फरशी लख्ख. खिडकीखाली फांद्यांच्या नीट बांधलेल्या जुड्या. एक टेबल, एक खुर्ची, आणि तिच्याशेजारी एक नवी, कॉफीच्या रंगाच्या बैठकीची. तिच्याच प्लायवूडची.

"पसारा कुठे आहे गं?"

"पसारा नव्हताच, काकू. बसवायला खुर्ची नव्हती." ती चहा गाळत होती. "पास पुढे मिळेल की नाही, दर वेळी तीच धाकधूक. मग सामान कशाला वाढवायचं? एकीला एक पुरते."

तिने मला नव्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची करकरलीसुद्धा नाही. जुनीवर आजोबांना बसवून ती स्वतः ओट्याला टेकून उभी राहिली.

तेवढ्यात खालून करवतीचा आवाज आला. सुमेधाने कप ठेवला आणि चपला शोधायला लागली.

"जाऊ दे तिला," आजोबा म्हणाले. "तिसरी खुर्ची आणायला निघालीय."

ती लिफ्टपर्यंत गेली, आणि तिथून परत आली.

"काकू, जाऊ नका हं. मी येईपर्यंत बसा."

आम्ही बसून राहिलो.