एकोणीस स्थळं पुसली त्याची गोष्ट

बुधवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हितवर्धक मंडळाच्या वधूवर सूचक केंद्रातल्या कॉम्प्युटरने यापुढे एकही माणूस पोटात घ्यायला नकार दिला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. डिस्कवर जागा नाही, असा तिचा अर्थ होता. केंद्राचा मानद चिटणीस अवधूत चौबळ याने तीच कळ आणखी चार वेळा दाबली आणि तीच ओळ आणखी चार वेळा वाचली.

टेबलावर अठरा नवे फॉर्म पडले होते. रविवारी वधूवर मेळावा होता आणि त्याची यादी उद्या सकाळी फळ्यावर लागायची होती.

हा कॉम्प्युटर अंजूरच्या दौलतशेठने, जमीन गोदामवाल्यांना दिल्यावर, त्र्याण्णव साली मंडळाला भेट दिला होता. डिस्क चाळीस एमबीची. बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "अख्खी भिवंडी मावेल." मावलीही असती, पण मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे अण्णांनी, फोटोंचा हट्ट धरला. एका मुलीचं शिक्षण, उंची, रास आणि गोत्र मिळून जेवढी जागा लागे, त्याच्या शंभरपट जागा तिचा फोटो खाई.

"म्हणजे आता किती जणांना काढायचं?" अण्णांनी विचारलं.

"एकोणीस तरी."

"मग सर्वांत जुने काढ. दोन वर्षांपूर्वीचे. त्यांची लग्नं झालेलीच असणार."

"कशावरून?"

"अरे, लग्न जमल्यावर आजवर कोण आपल्याला कळवायला आलंय? जमेपर्यंत रोज खेटे घालतात, जमलं की आपल्याला बघून रस्ता ओलांडतात. दोन वर्षांत जो फिरकला नाही, त्याचं जमलंच म्हणून समज."

अण्णांनी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती. त्यांच्या सिद्धतेत चूक आहे असं वाटलं तरी ती नेमकी कुठल्या पायरीत आहे हे सापडेपर्यंत तास संपत असे. अवधूतने पहिले एकोणीस क्रमांक पुसले. पुसताना यंत्र नावं दाखवत नसे, नुसते क्रमांक दाखवी. त्यामुळे आपण कोणाला पुसतोय याचा त्याला पत्ता नव्हता आणि मन शांत होतं. रिकाम्या जागेत त्याने अठरा नवी स्थळं बसवली आणि घरी जाऊन भरपेट जेवला.

त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. पूर्वी वही होती तेव्हा कोणाचं लग्न ठरल्याचं कानावर आलं की अण्णा त्या नावावर तांबडी रेघ मारत, आणि पुढच्या यादीतून ते नाव गळे. त्यामुळे फळ्यावरची यादी कोण आहे ते बघायला कोणी वाचत नसे. कोण गेलं ते बघायला वाचत.

शुक्रवारी संध्याकाळी भाऊ टिपणीस केंद्रात शिरले. चपला बाहेर काढायच्याही राहिल्या होत्या.

"चौबळ, माझी मुलगी कुठाय?"

"घरी असेल की, भाऊ."

"घरी आहे ते मलाही दिसतंय! यादीत कुठाय? कालपासून सोळा माणसं पेढे मागून गेली. मुलगा काय करतो म्हणून मी एकाला विचारलं, तर म्हणाला जहाजावर असतो!"

"विद्युल्लताबाईंना विचारलंत?"

"विचारलं. ती म्हणते, असेल बापडा."

विद्युल्लता टिपणीस शाळेत गणित शिकवायची. वय एकतीस. यंत्रात क्रमांक सात.

"रविवारी मेळाव्याआधी तिचं नाव यादीत दिसलं पाहिजे," भाऊ म्हणाले. "नाहीतर माईक हातात घेऊन सगळ्यांसमोर तुमच्या यंत्राची आरती करीन. आणि मग तुमचं चिटणीसपण राहील का, ते तुम्हीच बघा."

अवधूतने धावपळ केली. पुसलेलं परत आणायची एक युक्ती पुस्तकात होती. पण क्रमांक सातच्या जागेवर आता कामतघरचा एक बीकॉम मुलगा फोटोसकट ऐसपैस बसला होता. कागदी फॉर्म तर अण्णांनी कॉम्प्युटर आल्याच्या आनंदात रद्दीत घातले होते. तेव्हा शनिवारी सकाळी कोरा फॉर्म घेऊन तो स्वतःच टिपणिसांकडे गेला.

तिथे कोचावर कल्याणचं एक कुटुंब पोहे खात बसलं होतं. गेल्या वर्षी याच कुटुंबाने मुलीला चष्मा आहे म्हणून नकार दिला होता.

"आमचं तेव्हाच होकारावर आलं होतं हो," त्या घरच्या बाई सांगत होत्या. "फक्त कळवायचं राहून गेलं. तर तुम्ही दुसरीकडे ठरवलंत म्हणून कळलं. अगदी पक्कं झालंय का?"

भाऊंनी अवधूतला दंडाला धरून मागच्या गॅलरीत नेलं.

"तो फॉर्म आधी खिशात घाला."

"अहो, पण काल तुम्ही..."

"काल काल होतं! आज सकाळपासून हे तिसरं स्थळ. दोन वर्षांत मिळून तीन आली नव्हती. यादीत असताना कुत्रं विचारत नव्हतं, गेल्यावर रांग लागलीय. नाव घालाल तर खबरदार!"

भाऊ पाहुण्यांकडे पळाले. विद्युल्लता चहाचा कप घेऊन आली.

"काय ठरलं? मी आहे की पुसलेलीच?"

"काल घालायचं होतं, आज घालायचं नाहीये," अवधूत म्हणाला. "माफ करा, चूक माझी आहे."

"चूक छान होती. दोन दिवसांत मला कोणी गाऊन दाखव म्हणालं नाही की चालून दाखव म्हणालं नाही. सगळे नुसते त्या जहाजवाल्याची चौकशी करतायत." तिने कप त्याच्या हातात दिला. "पण नाव घालायचं की नाही, हे मला कोणी विचारणार आहे की नाही?"

हे खरंच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, त्याच्याही नाही.

"विचारतो. घालू का?"

"सोमवारी सांगते. तोवर बाबांचंही ऐकू नका आणि अण्णांचंही."

"नाही ऐकणार," अवधूत म्हणाला, आणि आपण असं बोललो याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

टिपणिसांकडे रांग लागल्याची बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. चार वाजता केंद्रापुढेही रांग लागली. सर्वांत पुढे अनसूयाबाई.

"आमच्या मोरूचं नाव काढा."

"जमलं त्याचं? अभिनंदन!"

"कसलं अभिनंदन? जमावं म्हणूनच काढा म्हणते!"

"अहो काकू, असं कसं..."

"टिपणिसांच्या मुलीचं काढलंत ते? तिला एक न्याय आणि मोरूला एक? स्वतःचं तर जमवता आलं नाही तुम्हाला, निदान दुसऱ्याचं पुसा तरी!"

मागून दौलतशेठ पुढे घुसले. "ओ चिटणीस, कॉम्पूटर कोनी दिलाय? मीच दिलाय ना? मंग माजे पोऱ्याचा नाव आदी काढ. येक वरीस झाला, कोन इचारत न्हाय त्याला."

"शेठ, रांगेत या," अनसूयाबाई म्हणाल्या. "पुसायला सगळे सारखे."

अवधूत पुसत राहिला. शेजारच्या गल्लीतल्या यंत्रमागांची दुसरी शिफ्ट सुरू झाली, दिवा मंद झाला, तरी तो पुसतच होता. बुधवारी दाटीवाटीने बसवलेली अठरा स्थळंही गेली. कामतघरचा बीकॉम तर रडकुंडीला येऊन गेला, कारण त्याचा नंबर शेवटी लागला. सात वाजता यंत्रात एकही माणूस उरला नाही.

"मग मेळाव्याची नवी यादी?" अण्णांनी विचारलं.

"कोरी आहे."

अण्णांनी थोडा विचार केला. "मग कोरी लाव. यादी लावण्याचा ठराव झालेला आहे. त्यात नावं असावीत असं ठरावात कुठं लिहिलंय?"

मेळाव्याला आजवर झाली नव्हती एवढी गर्दी झाली. ज्यांचं ठरलं होतं ते मिरवायला आले, आणि ठरलं तर सगळ्यांचंच होतं. परीक्षा नाही म्हटल्यावर मुलं मोठ्याने हसत होती, मुली दुसऱ्यांदा बटाटेवडे मागून घेत होत्या. हातची गेलेली स्थळं बघून आया हळहळत होत्या, आणि हळहळता हळहळता एकमेकींना हळूच विचारत होत्या, "अगदी पक्कं झालंय का?" संध्याकाळपर्यंत अकरा लग्नं खरोखर जमली. मोरूचं जमलं, दौलतशेठच्या मुलाचंही जमलं. अण्णांनी भाषणात सगळं श्रेय संगणकाला दिलं. आरतीसाठी म्हणून भाऊंनी ठरवलेला माईक त्यांना मिळालाच नाही, आणि नकोही होता. कल्याणकर मंडळी मात्र नाराज होऊन परतली. विद्युल्लतेने त्यांना सांगितलं होतं, "नकारच होता हो. फक्त कळवायचा राहून गेला."

सोमवारी संध्याकाळी ती केंद्रात आली आणि तिने भरलेला फॉर्म अवधूतपुढे ठेवला.

"घाला नाव. या खेपेला मी स्वतः लिहिलंय."

अवधूत टाइप करू लागला. चष्मा: आहे. स्वयंपाक: पोटापुरता. गायन: नाही, कृपया आग्रह करू नये. 'अपेक्षा' या रकान्यात भाऊंनी पूर्वी निर्व्यसनी, उच्चशिक्षित, स्वतःचा ब्लॉक वगैरे चार ओळी लिहिल्या होत्या. आता तिथे दोनच शब्द होते: विचारून करणारा.

"जागा पुरेल ना?" तिने विचारलं.

"सगळी तुमचीच आहे," अवधूत म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

प्रिंटरने कुरकुरत यादी छापली. एवढा मोठा कागद आणि वर एकच नाव. अवधूत टाचण्या घेऊन फळ्यापर्यंत गेला. तिथे थोडा वेळ उभा राहिला आणि कागद तसाच हातात घेऊन परत आला.

"काय झालं?"

"लावण्याआधी एक विचारायचं होतं."

आणि त्याने विचारलं. विद्युल्लतेने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि उदाहरण दुसऱ्यांदा तपासावं तसं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

"मग आता पुसा," ती म्हणाली.

एकच नाव पुसायचं म्हणजे यादीच पुसायची. तेव्हा यंत्राने पडद्यावर खात्री करून घेतली, नक्की पुसायचं का? अवधूतचं बोट कळेवर अडलं. त्याने मान वळवून विद्युल्लतेकडे पाहिलं. तिने पुढे वाकून ती कळ स्वतःच दाबली.

मंगळवारी फळ्यावर पुन्हा कोरी यादी लागली. भिवंडीने ती नेहमीसारखीच वाचली, आणि या खेपेला, क्रमांक सातपुरती तरी, बरोबर वाचली.