कापडगिरणीच्या सभेंतील एका खुर्चीचें वर्तमान

श्रीशारदेस नमन असो. मोठ्यांचे पराक्रम पुष्कळांनीं लिहिले. येथें एका गिरणीकामगाराचें वर्तमान, जैसें जाहलें तैसें, सादर करितों. शके एकोणीसशें नऊ, प्रभव नाम संवत्सरीं, कोरिया देशीं रयत रस्त्यावर आली आणि राज्याचा धनी आम्हीच निवडूं म्हणों लागली. मग तें वारें गिरण्यांतही शिरलें. तेथें एका कापडगिरणींत यांग गी-सोप म्हणोन गृहस्थ साच्यावर, म्हणजे कापड विणावयाच्या यंत्रावर, काम करीत. तरुणपणीं ते पोटासाठीं जर्मन मुलुखीं कोळशाच्या खाणींत राबले होते, आणि तेथें कारभार ठरविणाऱ्या मालकाचे सभेंत मजूरही मताचे अधिकारानें बसतात हें त्यांणीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. मग गिरणींत संप जाहला, आणि गी-सोप यांणीं मागणें घातलें कीं, "आमचाही एक माणूस सभेंत बसवावा." मालक प्रथम हांसले, मग साचे बंद पडले तेव्हां कबूल जाहले, आणि कामगारांनीं मतें देऊन गी-सोप यांसच खांद्यावर घेऊन सभेच्या दारापावेतों पोंचविलें.

पुढें कापडाचा उठाव मंदावला आणि मालकांनीं दार लावोन रंगखातें मोडण्याचा बेत मांडिला. गी-सोप उठोन बोलिले, "रंगखात्यांतील बायांनीं जावें कोठें? सर्वांचेच तास कमी करा, पण माणूस काढूं नका. जर्मन मुलुखीं ऐसें करितात." मालक बोलिले, "ते श्रीमंत लोक. मतें घ्या." मग मतें जाहलीं, विरोधांत गी-सोप यांचा हात तेवढा वर राहिला, आणि रंगखातें मोडलें. मग बोलवा उठली कीं हा मालकाचा चहा पिऊन त्यास फितला, आणि जेवणाचे सुटींत गी-सोप जेथें डबा उघडीत तेथून माणसें उठोन जाऊं लागलीं. रंगखात्यांतील जोंग-इम बाई, ज्या संपांत त्यांचे शेजारीं बसत, आपलें सामान नेण्यास आल्या, तेव्हां गी-सोप त्यांस म्हणाले, "बाई, मीं विरोध केला." बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे, दादा. पण दार लागलें तेव्हां तुम्ही आंत होतां." आणि निघोन गेल्या. गी-सोप यांणीं डबा झांकिला. मनांत आलें, खुर्ची सोडावी आणि चार माणसांत जाऊन बसावें. मग आलें कीं, आपण उठलों तर पुढलें खातें मोडतील तेव्हां नाहीं म्हणावयासही कोणी नसेल. म्हणोन सदरा पालटोन पुढील सभेस एकलेच चालिले. जिन्यावर ओळखीची माणसें उतरत होतीं, त्यांणीं भिंतीकडे तोंडें केलीं.

तात्पर्य, खुर्ची मिळवावयास अवघी गिरणी होती. तीवर बसावयास गी-सोप एकटे. घडलें तें इतकेंच.